मोटेच्या नाड्यापासून ट्रॉलीवरच्या विंचपर्यंत : भार धरून कोण ठेवतं?



नऱ्हे-धायरीच्या फॅब्रिकेशनच्या शेडांमध्ये हल्ली एक काम वरचेवर येतं. बारा व्होल्टची विंच आणायची आणि तिला अशी फ्रेम करून घ्यायची की पिन काढली की विंच सुटली पाहिजे. आज जीपला, उद्या ट्रॉलीला, परवा विहिरीवर. कल्पना चांगली आहे. एकच यंत्र चार जागी वापरता आलं तर कुणाला नको आहे? पण ‘परवा विहिरीवर’ हे शब्द आले की जरा थांबावं लागतं.

का थांबावं, हे सांगायला थोडा इतिहास बघावा लागेल. दोर, चाक आणि ओढणारी ताकद हे त्रिकूट आपल्या रानात नवीन नाही. बैल गेले, वाफ आली, डिझेल आलं, आता बॅटरी आली. ताकद बदलली. दोन प्रश्न मात्र तेच राहिले : ओढणारं यंत्र कशाला बांधलंय, आणि ओढ थांबली की भार धरून कोण ठेवतं?

मोट : बैलांनी चालणारी विंच

खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात झालं. कॅप्टन फाईफ या इंजिनिअरच्या आखणीतून. म्हणून त्या तलावाला इंग्रज ‘लेक फाईफ’ म्हणायचे. महात्मा जोतीराव फुल्यांनी या कामावर दगड पुरवण्याचं कंत्राट घेतलं होतं. पुढे १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी तळी-तलाव-बंधारे बांधा, असा आग्रह धरला, तो अशी कामं जवळून बघितलेल्या माणसाचा आग्रह होता.

धरणातून मुठा कालवा निघाला आणि सिंहगड रस्त्याच्या अंगाने पुण्याकडे, हडपसरकडे गेला. पण कालव्याचं पाणी उताराने खाली जातं. कालव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे असलेल्या रानाला त्याचा उपयोग नाही. धरण झालं तरी तिथे विहीर आणि मोट हेच साधन राहिलं. तालुका कुठलाही घ्या, कालव्याच्या वरच्या शेतकऱ्याची कहाणी हीच.

आता मोटेकडे यंत्र म्हणून बघा. विहिरीच्या काठावर लाकडी चाक, त्यात कणा. चाकावरून जाड दोर, म्हणजे नाडा. मोटेच्या सोंडेला बारीक दोर, सोंदूर. बैलांसाठी उतरती वाट, तिला धाव. पाणी पडायची जागा ते थारोळं, तिथून पुढे पाट. एका खेपेला साधारण दीडशे-दोनशे लिटर पाणी वर यायचं.

यात अक्कल दोन ठिकाणी आहे. एक, धावेला उतार दिलेला. बैल भार ओढताना उतरणीला जातात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढीला लागतं. मोट हाकणारा नाड्यावर बसायचा, त्याचंही वजन कामी यायचं. आणि दुसरी, सोंडेची. सोंदूर आणि नाडा यांच्या लांबीचा हिशेब असा, की मोट वर आली की सोंड थारोळ्यावर येऊन आपोआप मोकळी होते. मोट उपडी करायला काठावर वेगळा माणूस लागत नाही.

आणि भार धरून ठेवायचं काम? तेही बैलांकडेच. आपल्या दख्खनी मोटेत बैल सोडत नसत, ते उलट्या पावली मागे यायचे. रिकामी मोट खाली जाताना दोर कधी मोकळा सुटत नव्हता. बैल जुंपलेले असेपर्यंत दोराच्या एका टोकाला जिवंत ब्रेक होता. वर जाणारी वस्तू पाणी, खाली माणूस नाही. नाडा तुटला तर मोट गेली, पाणी गेलं, फार तर दिवस गेला.

नाडा काही बाजारातून यायचा नाही. बलुतेदारीत दोर वळायचं काम मातंग समाजाकडे आणि मोट शिवायचं काम चांभारांकडे होतं. वाख, अंबाडी यांचा दोर पावसा-पाण्यात कुजतो, घासून झिजतो, म्हणून तो रोज डोळ्यांखालून घातला जायचा. दोराची तपासणी हा कामाचाच भाग होता. हे पुढे लक्षात ठेवा.

वाफ : यंत्र बांधावर, नांगर रानात

मोट सोडून जरा लांब, इंग्लंडला जाऊ. विंच गाडीवर बसवायची आणि गाडीच्याच इंजिनावर चालवायची, ही कल्पना शेतीत मोठ्या प्रमाणावर आणली जॉन फाउलर या माणसाने. वाफेचं इंजिन इतकं जड, की ते नांगराला जुंपून रानातून फिरवलं तर माती दगडासारखी दाबली जाईल, नाहीतर इंजिनच रुतून बसेल. फाउलरने हिशेब उलटा केला. इंजिन बांधावर उभं करायचं, बॉयलरच्या पोटाखाली आडवा ड्रम बसवायचा, त्यावर पोलादी दोर गुंडाळायचा आणि फक्त नांगर रानातून ओढायचा. १८५८ साली या वाफेच्या नांगराला तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. पुढच्या काही वर्षांत दोन इंजिनांची पद्धत रुळली. दोन बांधांवर दोन इंजिनं, मध्ये झोक्यासारखा दोन्हीकडे फाळ असलेला नांगर. एक ओढतं तेव्हा दुसरं दोर सोडतं. दोराची लांबी तीन-साडेतीनशे मीटरपर्यंत असायची.

लीड्सच्या कारखान्यातून ही यंत्रं जगभर गेली, आपल्या मुंबई इलाख्यातही आली. पण एक-दोन एकरांच्या तुकड्यांना आणि आपल्या बांधांना एवढं अवजड जोडकाम परवडणारं नव्हतं. इथे बाजी मारली ती किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने. लक्ष्मणरावांनी १९०३ साली तो बाजारात आणला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हरळी-कुंद्याचं रान मोडायला या नांगराला चार-चार, सहा-सहा बैल लागायचे, पण बैल गावातच होते.

तरी फाउलरचा धडा आजच्या कृषी पदवीधरांनीही घ्यावा असा आहे. जड यंत्र घट्ट जमिनीवर उभं करा, ओलीत फक्त दोर जाऊ द्या. रुतलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर त्याच चिखलात घालणं म्हणजे एकाचे दोन रुतवणं, आणि वर रान दाबलं जातं ते वेगळं. विंचचा शेतातला खरा फायदा इथे आहे.

शिवाय फाउलरचं इंजिन दहा-पंधरा टनांचं होतं, स्वतःच्या वजनाने जागेवर बसणारं. ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड असला पाहिजे, नाहीतर त्याला कशाला तरी बांधलं पाहिजे. तिसरा मार्ग नाही.

डिस्पोजलची गाडी आणि मऊ पिन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या काही अडीच टनी ट्रकांना पुढच्या बंपरवर विंच असायची. तिला ताकद गाडीच्या गिअरबॉक्समधून, पीटीओच्या दांड्याने मिळायची. युद्ध संपलं आणि सैन्याच्या हजारो गाड्या लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द जुन्या मेकॅनिकच्या तोंडी अजून ऐकू येतो. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. गाडीच्या इंजिनाची ताकद चाकांशिवाय दुसऱ्या कामालाही घेता येते, हे या गाड्यांमुळे आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या अंगवळणी पडलं.

त्या ट्रकांच्या विंचमध्ये एक फार शहाणपणाची गोष्ट होती. दांड्याला मुद्दाम एक मऊ धातूची पिन असायची. भार मर्यादेबाहेर गेला की ती पिन कापली जायची आणि ड्रमला मिळणारी ताकद बंद. पिन दोन पैशांची. ती तुटावी, पण दोर तुटू नये, असा हिशेब. पिन सारखी तुटते म्हणून तिच्या जागी कडक बोल्ट ठोकणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. रोटाव्हेटरच्या शाफ्टच्या शिअर बोल्टचं आपण काय करतो, ते मनातल्या मनात आठवा.

यारी : इथे गोष्ट बदलली

आता परत आपल्या विहिरीवर. मोट गेली ती इंजिन आणि विजेच्या पंपामुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये आपल्या पुण्यात, खडकीला उभा राहिला आणि पाच हॉर्सपॉवरचं इंजिन विहिरीविहिरीवर धडधडू लागलं. पाणी वर खेचायचं काम दोराकडून सुटलं.

पण पंपाने पाणी जास्त उपसलं, तशा विहिरी खोल न्याव्या लागल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर तर नवी विहीर आणि जुनीची खोलाई याला सीमाच राहिली नाही. पूर्वी दगड-मुरूम वर यायचा तो डोक्यावरच्या पाट्यांनी किंवा हाताच्या रहाटाने. मग आली यारी. उभा खांब, त्याला फिरणारा आडवा हात, टोकाला कप्पी, पोलादी दोर, ड्रम, जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणि तेच डिझेल इंजिन. खाली चाकं लावली की ट्रॅक्टरमागे एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर. काढता-जोडता येणारी, ओढून नेता येणारी विंच आपल्या महाराष्ट्रात गावच्या वर्कशॉपमध्ये तयार झाली ती ही.

हिने काय केलं ते आकड्यांत बघा. बारा मीटर खोलीतून ३०० किलोची बादली वर आणायची तर सलग काम करणाऱ्या एका माणसाच्या ताकदीने आठ मिनिटं लागतील. बैलजोडीने पाऊण-एक मिनिट. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, निम्मी ताकद गिअर-पट्ट्यात गेली असं धरलं तरी, वीस सेकंदांत आणतं.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. आठ मीटर रुंद, बारा मीटर खोल विहिरीतून निघतो सुमारे सहाशे घनमीटर माल. वजनात दीड हजार टनांच्या पुढे. ३०० किलोची एक खेप धरली तर पाच हजार खेपा. म्हणजे एका विहिरीत पाच हजार वेळा भरलेली बादली खाली काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून वर जाते. आणि सकाळ-संध्याकाळ तीच माणसं त्याच दोरावर लटकून खाली उतरतात, वर येतात.

मोटेत आणि यारीत हा फरक आहे. मोटेखाली पाणी होतं. यारीखाली माणूस आहे. आणि बैलाचा जिवंत ब्रेक जाऊन त्याची जागा एका पट्टीच्या ब्रेकने आणि ऑपरेटरच्या हातापायांनी घेतली. दोर तुटला, ब्रेक घसरला, यारीच उलटून आत गेली, अशा बातम्या उन्हाळ्यात खोदाईच्या दिवसांत पेपरात येत राहतात. बातमी चार ओळींची असते. मरणारे बहुतेक पोटासाठी गाव सोडून आलेले खोदाई मजूर असतात, वडार समाजासारख्या पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम करणाऱ्या घरांतले. विहीर आपली असते.

आपण इंजिन मोठं केलं, बादली मोठी केली, वेग वाढवला. दोराची रोजची तपासणी मात्र मोटेबरोबर सोडून दिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक ही आहे.

बॅटरीची विंच : कशी बांधायची, ताकद कुठून द्यायची

आता ती बारा व्होल्टची विंच. ही जात मुळात चिखलात अडकलेली गाडी बाहेर ओढण्यासाठी जन्मली. आडवी ओढ, थोडा वेळ, कधीतरी. त्या कामाला ती उत्तम आहे. ट्रॉलीवर ओंडका चढवायचा, बंद पडलेलं अवजार ओढायचं, रुतलेली गाडी काढायची, तर जरूर घ्या. फक्त बांधणी आणि ताकद या दोन गोष्टी नीट करा.

बांधणीचं : विंचची फ्रेम गाडीच्या चासीला किंवा ट्रॉलीच्या मुख्य गर्डरला बसली पाहिजे. बंपरच्या पत्र्याला नाही, ट्रॉलीच्या फाळक्याला तर नाहीच. काढता-घालता येणारी फ्रेम करायची तर चौकोनी पाइपात पाइप सरकवून आरपार पिन, आणि पिनेला क्लिप. ट्रॅक्टरला लावाल तर दोर ड्रॉबारच्या उंचीवर, मागच्या आसाच्या खाली. टोचन असो की विंच, ओढ आसाच्या वर लागली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि दीड-दोन सेकंदांत चालकाच्या अंगावर येतो. रिकामी ट्रॉली विंच लावून ओढायला उभी केली तर ट्रॉलीच मालाकडे सरकेल. आधी ती ट्रॅक्टरला जोडा, चाकांना दगड लावा. फाउलरच्या जड इंजिनाचा धडा तोच.

ताकदीचं : चार टनांच्या आसपास ओढणारी विंच पूर्ण भारावर ४०० अँपिअरपर्यंत करंट घेते. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण ३५-४० अँपिअर देतो. म्हणजे एक मिनिट पूर्ण ओढ घेतली तर बॅटरीतून गेलेलं परत भरायला दहा-बारा मिनिटं इंजिन चालू ठेवावं लागतं. म्हणून ओढा, थांबा, मोटरला हात लावून बघा, मग परत ओढा.

ट्रॉलीच्या मागे विंच आणि पुढे ट्रॅक्टरला बॅटरी असेल तर केबलचा हिशेब आधी करा. सहा मीटर अंतर म्हणजे जाणारी-येणारी मिळून बारा मीटर केबल. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर ४०० अँपिअरला पाच व्होल्टच्या वर वायरमध्येच जातात. मोटरला पोचतात जेमतेम सात. ५० चौरस मिलिमीटरची टाकली तर दीड-पावणेदोन व्होल्टच जातात. त्यापेक्षा विंचजवळ ट्रॉलीवरच स्वतंत्र बॅटरी पेटीत बसवणं सोपं. बॅटरीजवळ मुख्य स्विच हवाच, आणि जोडायला जाड तांब्याच्या पट्टीचा कनेक्टर. चिमटे नकोत, ते तापतात, ठिणगी पडते.

ड्रमवरच्या थराचंही लक्षात ठेवा. खोक्यावर छापलेली ताकद ड्रमच्या पहिल्या थरावरची असते. चौथ्या-पाचव्या थरावर ती साठ-पासष्ट टक्क्यांवर येते. म्हणून दोर शक्य तितका सोडून ओढा, शेवटचे चार-पाच वेढे ड्रमवर ठेवून. ताकद कमी पडली तर मोठी विंच घेण्याआधी कप्पी लावा. दोर अडकलेल्या गाडीवरच्या कप्पीतून फिरवून परत आपल्याकडच्या हुकाला अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. ताणलेल्या दोरावर मध्येच ओलं पोतं टाकून ठेवा. तुटला तर फटका कमी बसतो. आणि दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, विशेषतः पोरं.

आणि विहिरीवर?

नाही. ही विंच विहिरीवर न्यायची नाही. माल काढायला नाही आणि माणूस उतरवायला तर अजिबातच नाही.

कारण साधं आहे. गाडी ओढताना करंट गेला तर गाडी आहे तिथे थांबते. विहिरीत करंट गेला तर भार खाली येतो, तो फक्त ब्रेकवर असतो. या विंचचा ब्रेक बहुधा ड्रमच्या पोटात असतो. भार घेऊन दोर सोडला की तो तापतो, आणि पाच हजार खेपांसाठी तो बनवलेलाच नाही. ओढायच्या दोराची ताकद मोजतात ती तो कधीतरी, थोडा वेळ ताणला जाईल असं धरून. उचलायच्या दोराला भाराच्या निदान पाचपट ताकद धरायची प्रथा आहे, माणूस असेल तर त्याहून जास्त. विक्रीच्या पुस्तिकेतही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की उचलण्यासाठी वापरू नये. आपण बारीक अक्षर वाचत नाही, एवढंच.

विहिरीचं काम उचलायच्याच यंत्राने करा, आणि यारी भाड्याने आणाल तेव्हा दर ठरवायच्या आधी चार गोष्टी बघा. दोराच्या तारा सुटल्यात का, हातमोजा घालून दोर चाचपून. भरलेली बादली हातभर उचलून मधेच थांबवा, घसरते का. यारीचा पाया काठापासून किती आत आणि कशाला बांधलाय. आणि बादली वर जाताना खालची माणसं कडेला उभी राहायला जागा आहे का, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का. माणसांची ये-जा शिडीने, बादलीतून नाही. चारपैकी एक जरी नसेल, तर त्या दिवशी काम सुरू करायचं नाही. मालक म्हणून हे सांगायचा हक्क आणि जबाबदारी आपली आहे.

धायरीचा राहिलेला भागही २०१७ मध्ये महापालिकेत गेला. विहिरी बुजतायत, जिथे धाव होती तिथे पार्किंग आहे. पण वेल्ह्याकडे, पुरंदरात, दौंडच्या कोरड्या पट्ट्यात खोदाई चालू आहे आणि तिथे जाणाऱ्या फ्रेमा आपल्याच शेडांत वेल्ड होतात. फ्रेम करून देणाऱ्या भावांना विनंती : विंच कशाला वापरणार ते आधी विचारा. विहिरीवर म्हणाला, तर काम घेऊ नका.

तुमच्या भागात मोटेच्या चाकाला, दोराला, थारोळ्याला दुसरे काय शब्द होते? घरातल्या जुन्या माणसांना विचारून कळवा. शब्दांबरोबर दोर तपासायची त्यांची पद्धतही विचारा.